डाव्या पायाला सुट्टी

माझा डावा घोटा ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर मोडला. दिवाळीनंतरची सकाळ होती, पायरीवर शेवाळ होतं, हातात पाण्याचा तांब्या होता. मी घसरले आणि पाय दोन पायऱ्यांच्या मधे अडकला. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, स्क्रू बसवले. काही महिन्यांनी मी नीट चालायला लागले, ऑफिसात जायला लागले, जिनेही चढायला लागले. एकच गोष्ट होईना. गाडीचा क्लच दाबून धरता येईना.

ज्याला गाडी चालवायची हौस नाही त्याला हे दुःख लहान वाटेल. माझं तसं नव्हतं. कांचघरच्या आमच्या गल्लीत मी गाडी शिकले तेव्हा तिथल्या बायका फार तर स्कूटीपर्यंत पोचल्या होत्या. मला नवऱ्यानंच शिकवलं. ते लष्करी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या विभागात होते. रविवारी कारखान्याच्या इस्टेटचे रस्ते रिकामे असत, तिथे आमची जुनी छोटी गाडी घेऊन ते माझ्या शेजारी बसत आणि म्हणत, "पाहू नको, ऐक. इंजिन काय म्हणून राहिलं ते ऐक, मग गिअर बदल." मी ऐकायला शिकले. पुढे सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला मीच नेलं आणि मीच आणलं. मुलीचे क्लास, मझौलीला दिराकडे जाणं-येणं, लग्नकार्यातली सगळी ने-आण माझ्याकडे असे. नवरा शिफ्टमध्ये, मी स्टिअरिंगवर. नातेवाइकांत मला 'ड्रायव्हर वहिनी' म्हणायचे, आणि त्याचा मला राग नव्हता. खरं सांगायचं तर आतून छान वाटायचं.

घोटा बरा झाल्यावर पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती संध्याकाळची. घमापूर चौकात नेहमीसारखी गर्दी होती. क्लच दाब, थोडा सोड, पुन्हा दाब. दहा हात पुढे सरकायचं आणि थांबायचं. पुलाच्या चढावर पोचेपर्यंत घोट्यात आग व्हायला लागली. पाय थरथरला, क्लच सुटला, गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मी हँडब्रेक ओढला, दोन मिनिटं तशीच बसले आणि मग दात आवळून घरी आले. किल्ली खुंटीला अडकवली. त्यानंतर कितीतरी दिवस मी डावीकडच्या सीटवर बसून होते. रस्ता दिसायचा, पण तो माझा नव्हता.

जुनी गाडी तशीही थकली होती. सासूबाई थंडीत आमच्याकडे आणि एरवी दिराकडे असतात. त्यांच्या गुडघ्यांना खाली वाकून बसायची गाडी जमेना. त्यात मुलगी मोठी झालेली. सगळे मावतील आणि मझौलीच्या आतल्या रस्त्यावर पोट घासणार नाही अशी उंच गाडी घ्यायचं ठरलं. एस. यू. व्ही. घ्यायची यावर कोणाचंच दुमत नव्हतं. भांडण सुरू झालं ते त्यानंतर.

"मॅन्युअल घेऊ," नवरा म्हणाला. "पाच-सहा गिअर, एक क्लच प्लेट. बिघडलं तर काय बिघडलं ते कळते. ऑटोमॅटिक म्हणजे बंद डबा. मी आयुष्यभर गिअर हातात धरून पाहिले, माझा नाही विश्वास बसत."

मुलगी म्हणाली, "बाबा, आता सब लोग ऑटोमॅटिकच घेऊन राहिले."

"घेऊ दे. रस्त्यात उभे राहतील तेव्हा समजेल."

"आणि चालवेल कोण?" मी विचारलं.

"मी आहो ना. रिटायर होऊन राहिलो आता. जिथं म्हणशील तिथं नेईन."

त्यात प्रेम होतं, मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "मग ती गाडी तुमची झाली. घरची नाही झाली."

ते ताट उचलून आत गेले. मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, जरा जास्तच बोलले का? पण मागे घ्यावं असंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते स्वतःच म्हणाले, "अच्छा, ऑटोमॅटिक घेऊ. पण कोणती, ते मी पाहीन. शोरूमवाल्याच्या बोलण्यावर नाही घेणार."

"मीही पाहीन," मी म्हटलं.

तिथून आमचं दोघांचं शोधकाम सुरू झालं. पद्धती मात्र दोघांच्या वेगळ्या. ते यंत्राचे, मी माणसांची.

कारखान्यातून त्यांच्या आधी बाहेर पडलेल्या एका सहकाऱ्याचं गाड्यांचं वर्कशॉप आहे. नवरा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायला लागला. म्हणायचे, शोरूममध्ये काय चमकतंय त्यापेक्षा वर्कशॉपमध्ये काय उघडं पडलंय ते पाहिलेलं बरं. एकदा मलाही सोबत घेऊन गेले. टेबलावर एक गिअरबॉक्स खोललेला होता. त्यात दोन क्लच होते, एकाला एक लागून. नवऱ्यानं मला बोट लावून दाखवलं. "हा एक गिअर धरतो तवा दुसरा पुढच्या गिअरची तयारी करून ठेवते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी जाते. पण हे कोरडे आहेत, आत तेल नाही. गर्दीत अर्धवट दाबून सरकत राहिलं की तापतात." त्यांनी प्लेटवर बोट फिरवलं, ती निळसर काळी पडली होती. "तू घमापूर चौकात पायानं जे करत होती ना, तेच हा आत करते. तुझा पाय दुखला, याचाही दुखते."

गिअरबॉक्सबद्दल इतकं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आणि यंत्राबद्दल बोलताना त्यांना माझ्या पायाची आठवण राहिली होती, हेही मी मनात ठेवलं.

माझं काम ऑफिसच्या पार्किंगमध्ये चाललं. आमचं केंद्र सरकारचं ऑफिस मोठं. तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या उभ्या असतात. मी प्रत्येकाला एकच विचारायची, "गाडी कधी घेतली, आणि कशामुळे अडली?" गाडी आवडते का, असं मी विचारत नसे. आवडतेच, स्वतःच्या गाडीला कोण नावं ठेवतं? पण कशामुळे अडली म्हटलं की माणूस खरं बोलायला लागतो.

आमच्या विभागातल्या एका मैत्रिणीकडे डिझेल एस. यू. व्ही. होती. ताकद अशी की चढ कळत नाही. पण तिचं घर ऑफिसपासून जवळ. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत ती पोचलेली असायची. धुरातली काजळी अडवायला त्या गाडीत जी जाळी असते ती लांबच्या पल्ल्यावर गरम होऊन साफ होते. हिची कधी साफच होईना. डॅशबोर्डवर दिवा लागायचा आणि गाडी वर्कशॉपला. वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांकडे अगदी तशीच गाडी होती. ते दर आठवड्याला मंडल्याकडे दौऱ्यावर जायचे. त्यांना तो दिवा कसा दिसतो तेही माहीत नव्हतं. तेव्हा मला समजलं की चांगलं इंजिन, वाईट इंजिन असं नुसतं विचारून भागत नाही. आपण रोज कुठे जातो तेही विचारायला हवं. आम्ही कुठे जात होतो? कांचघर ते ऑफिस, बाजार, दवाखाना आणि महिन्या-दोन महिन्यांतून मझौली. डिझेल माझ्या मनातून उतरलं.

घरी येऊन हे सांगितलं तर नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हे तू शोधलं?"

"पार्किंगमध्ये."

"आमच्या टेस्टिंगवाल्यांनी असे प्रश्न विचारले असते तर अर्धी कटकट वाचली असती," ते म्हणाले. माणूस स्तुती करणाऱ्यातला नाही. मी भाजी फोडणीला टाकायला आत गेले, पण तो शब्द कानात घेऊन गेले.

मुलीच्या मनात एक गाडी भरली होती. लहान टर्बो पेट्रोल इंजिन, दोन क्लचवाला गिअरबॉक्स, छताला काच, समोर मोठा पडदा. रंगही सुंदर. आम्ही तिघं पाहायला गेलो. शोरूममधला मुलगा फार आदबशीर होता. "मॅडम, एक बार चलाके देखिए," म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी इतक्या दिवसांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसत होते. डाव्या पायाला काही कामच नाही हे शरीराला पटेना; तो सारखा क्लच शोधत होता. मी तो मागे ओढून घेतला आणि गाडी सोडली. काय चालली ती! बायपासवर मी किती दिवसांनी हसले असेन.

शोरूमवाला म्हणाला, "बस, यहाँ से यू-टर्न ले लेते हैं।"

मी म्हटलं, "नाही भैया, घमापूरकडून जाऊ. आणि माझ्या घरची सगळी माणसं बसवून."

तो जरा गोंधळला. पण नाही म्हणाला नाही. आम्ही घरून सासूबाईंना घेतलं, शेजारच्या काकूंनाही आग्रहानं मागे दाटीवाटीनं बसवलं, म्हणजे गाडी भरली. ऊन उतरायच्या वेळेला घमापूरच्या गर्दीत शिरलो. भाजीच्या गाड्या, ई-रिक्षा, मधेच उभी राहिलेली बस. पुलाचा चढ आला. मी मुद्दाम घाई केली नाही. सरकायचं, थांबायचं, सरकायचं. थोड्या वेळानं गाडी पहिल्यासारखी सुटेना. धक्का देऊन पुढे जायला लागली. चढावर जरा मागे सरकल्यासारखी झाली, आणि समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा निरोप आला. मागच्या सीटवरून नवऱ्यानं जळकट वास हुंगला. सासूबाई म्हणाल्या, "काहून, काय झालं व?"

"काही नाही आई, गाडी दमली," मी म्हटलं.

शोरूमवाला प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, हायवे पे ये प्रॉब्लम नहीं आएगा।" ते खरंही असेल. रोज मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ती गाडी लखलाभ. मुलीचं तोंड उतरलं होतं. पण खाली उतरल्यावर तीच म्हणाली, "आई, ही नको. तू ब्रिजवर थांबलीस ना, तेव्हा मला तुझा पायच आठवला."

नंतर आम्ही आणखी दोन गाड्या तशाच चालवल्या. एकीत गिअर साधेच होते, फक्त क्लच दाबायला मोटर बसवलेली. ती प्रत्येक गिअरला मान हलवायची. सासूबाईंना मळमळायला लागलं. मग राहिली तिसरी. दिसायला साधी. टर्बो नसलेलं, मोठ्या जातीचं पेट्रोल इंजिन, फार वर्षं बनत आलेलं. गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, ज्यात ताकद तेलातून पुढे जाते, टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात तो. पळायला आळशी, पेट्रोल जरा जास्त पिणारी. मुलीच्या मैत्रिणींनी त्या गाडीला 'अंकलवाली' म्हणून टाकलं होतं. मी तीच वाट धरली. घमापूर, पूल, चढ, भरलेली गाडी. ती सरकत राहिली. जिथं थांबवली तिथं थांबली, ब्रेक सोडला की आपणहून हळूच पुढे निघाली. चढ संपल्यावर नवऱ्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली, उतरले, बॉनेट उघडलं, वाकून आत पाहिलं, वास घेतला. मग शोरूमवाल्या बाईंना विचारलं, "दीदी, गिअरबॉक्स का तेल कब बदलना है?"

त्यांनी फोन करून विचारलं आणि म्हणाल्या, "सर, लाइफटाइम है।"

"किसका लाइफटाइम?" नवऱ्यानं विचारलं. "गाडी का, के तेल का?" त्या हसल्या, आम्हीही हसलो. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मी वेळेवर बदलून टाकीन. तेवढं केलं तर हा डबा आपल्याला दगा नाही देणार." बॉनेट बंद करत म्हणाले, "मले वाटलं नव्हतं मी असं म्हणेन."

टर्बो का नको, हे मुलीनं शेवटचं एकदा विचारून घेतलं. त्यांनी तिला रस्त्याच्या कडेलाच समजावलं: टर्बो वाईट नाही, लहान इंजिनाकडून मोठं काम करून घेते, पण त्यासाठी तेल वेळच्या वेळी, चांगलं, आणि इंजिन बंद करायच्या आधी जरा थांबायचा धीर लागतो. "आपल्या घरी धीर कोणाजवळ आहे?" ते म्हणाले. मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "पण ही एकटीच चालवणार नाही ना," ते म्हणाले, "उद्या तू पण शिकशील." तिला हे माहीत नव्हतं. गाडीचा साधा रंग तिनं मग स्वतःच निवडला.

गाडी घरी आली तेव्हा गल्लीतले लोक पाहायला आले. कोणी म्हणालं, एवढ्या पैशात काचेचं छत तरी मिळालं असतं. कोणी म्हणालं, एवढी रुंद गाडी सराफ्यात शिरणार कशी? मी म्हटलं, सराफ्यात पायी जाऊ, काय एवढं. मला कोणाला पटवायचं नव्हतं. आम्ही घरातल्या घरात बघून, विचारून, चालवून ठरवलं होतं, आणि असं ठरवलेल्या गोष्टीची एक वेगळीच ऐट असते.

मटाराचे दिवस आले तशी दिराची बोलावणी सुरू झाली. त्यांची शेती मझौलीजवळ. थंडीत तिकडे सगळीकडे मटारच मटार. एका सकाळी आम्ही निघालो. सासूबाई पुढे माझ्या शेजारी, पदर कानावरून घट्ट घेऊन. मागे नवरा, मुलगी आणि शेजारच्या काकू, ज्यांना आता या गाडीत बसायची सवयच लागली होती. हायवेला गाडी तिच्या चालीनं गेली. सिहोऱ्याच्या अलीकडे मात्र सगळं अडलं. मंडीकडे निघालेले मटाराचे ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक, जिथवर नजर जाईल तिथवर रांग. गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. थंडी असूनही काही लोकांनी गाड्या बाजूला लावून बॉनेटं उघडली होती.

मी सरकत राहिले. उजवा पाय ब्रेकवर, डावा आरामात खाली टेकलेला. घोट्याला मी विसरले होते, आणि विसरले होते हे मला बऱ्याच वेळानं कळलं. आरशात मागे पाहिलं. नवऱ्याचं डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. गाढ झोपले होते. दुसरं कोणी चालवत असलं की हा माणूस डोळ्याला डोळा लागू देत नाही. बसमध्ये नाही, टॅक्सीत नाही. प्रत्येक गिअरला त्यांच्या हाताची बोटं हलतात. आज हात मांडीवर पालथा पडला होता.

मुलीनं त्यांचा फोटो काढायला फोन वर केला. मी आरशातूनच मान हलवली, तसा तिनं तो खाली ठेवला.

"झोपला का व तो?" सासूबाईंनी मागे न वळता विचारलं.

"झोपले आई."

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "लई वर्सं जागला."

रांग सुटली, मझौलीचा फाटा आला, मग आतला खडबडीत रस्ता. गाडीचं पोट कुठे घासलं नाही. दिराच्या अंगणात थांबवली तेव्हा कुठे ते जागे झाले. दीर पुढे आले, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून 'दादा' म्हणणार तर समोर मी.

"वहिनी, तुम्ही? दादा कुठं हाय?"

"मागं," सासूबाईंनीच उत्तर दिलं. "सूनबाईनं आणलं आमाले. जाममधून आणलं." मी वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले, तर त्यांनी हात पुढे केला आणि दिराऐवजी माझाच हात धरून त्या उतरल्या. सीट उंच असल्यामुळे त्यांना वाकावं लागलं नाही.

दुपारी जेवणं झाली. शेजारच्या शेतावरचे दोघे-तिघे आले होते. दिरालाही जुनी जीप विकून काहीतरी घ्यायचं होतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "दादा, तू तर गिअरबॉक्सवालाच. कोणतं इंजिन घेऊ, कोणता गिअर, सांग ना."

नवरा मटाराच्या शेंगा सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तिला विचार. पुलावर भरल्या गाडीनं परीक्षा तिनं घेतली, डिझेल तिनं खोडलं. मी नुसतं बॉनेट उघडलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी खाटेवर बसले होते, डावा पाय पसरून. मी दिराला आधी एवढंच विचारलं, "भाऊजी, तुम्ही रोज जाता कुठं?"

ते सांगायला लागले: शेत, मंडी, आठवड्याला कटनी, मालाचं वजन. मी ऐकत गेले. त्यांच्या वापराला डिझेलच बरं, आणि क्लचला पाय धड असेल तर मॅन्युअलही, असं मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, आपण तर उलटं घेतलं!" मी म्हटलं, "आपण आपल्यासाठी घेतलं." नवऱ्यानं सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या हातात दिली आणि दिराला म्हणाला, "ऐकून घे नीट."